टाकतोडणी

आजोबांचे कलमदान माझ्याकडे आले तेव्हा त्यात तीन बोरू होते, एक छोटा चाकू होता, शाई सुकून तळाशी खपली धरलेली पितळी दौत होती आणि हाडाची एक चपटी पट्टी होती. तिन्ही बोरूंची टोके निरनिराळी कापलेली. एकाचे चांगले तिरपे. दुसऱ्याचे रुंद, उतार पहिल्याच्या उलट बाजूचा. तिसऱ्याचे बारीक आणि जवळजवळ सरळ. घरात कुणालाच याचे कारण सांगता येईना. काका म्हणाले, "कापता कापता चुकले असतील."

आजोबा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीतले लिहिणे उर्दूत, घरचे हिशेब आणि नातेवाइकांची पत्रे मोडीत, आणि सकाळी पूजेनंतर पोथीची नक्कल बाळबोधीत. तीन लिप्या, म्हणून तीन बोरू. हे उत्तर आता सांगताना अगदी सोपे वाटते. मला ते सापडायला दोन वर्षे लागली, आणि तोवर मी त्यांच्या एका वाक्याचे चुकीचे भाषांतर छापूनही बसले होते. त्या चुकीकडे मी शेवटी येईन. आधी लेखणी कापण्याविषयी.

आपल्याकडे लिहिण्याच्या साधनाला निदान तीन नावे आहेत आणि तिन्हींच्या पोटात वेगवेगळ्या वस्तू आहेत. लेखणी 'लिख्' या धातूपासून आली. त्याचा जुना अर्थ ओरखडणे, खरवडणे. कलम अरबी-फारसीतून आले आणि त्याचे मूळ ग्रीकमधल्या वेतासारख्या पोकळ गवताच्या नावापर्यंत जाते. पेन हा शब्द लॅटिनमधल्या पिसाच्या नावावरून आला. ओरखडा, गवत आणि पीस. यांतल्या गवताला आणि पिसाला चाकू लागतो. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला अजूनही 'पेननाइफ' म्हणतात, ते पीस तासायच्या कामावरून. फारसीत त्याच चाकूला कलमतराश म्हणत. मराठीत तर 'कलम करणे' म्हणजे कापणेच, आणि कोकणात आंब्याचे कलम बांधतात तेही फांदीला तिरपा काप देऊनच. लिहिणाऱ्याला लेखणी विकत मिळत नसे. मिळत असे तो बोरूचा दांडा. त्याची लेखणी करणे हे ज्याचे त्याचे काम होते.

या कामाची मराठीतली सर्वांत परिचित नोंद दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात रामदास तिथे कागद, शाई, चाकू, कातऱ्या यांची यादी देतात. देशोदेशीचे बारीक आणि सरळ बोरू आणायला सांगतात. आणि 'टांकतोडणी' असा एक शब्द वापरतात. टाक म्हणजे बोरूचे टोक, आणि तोडणी म्हणजे ते कापण्याची रीत. ही रीत एक नाही, नाना प्रकारची आहे, असे त्यांचे म्हणणे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढले तर ते म्हातारपणी स्वतःलाच वाचता येणार नाही, म्हणून मध्यम आकाराचे काढावे, असा व्यवहारी सल्लाही ते देतात. आणि कसोटी सांगतात ती अशी: पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिले आहे असे वाटले पाहिजे.

मी ही कसोटी अनेक वर्षे केवळ टापटिपीची शिकवण म्हणून वाचत होते. स्वतः बोरू कापायला बसल्यावर तिची अडचण कळली. बोरूचे टोक झिजते. शाईने फुगते, मऊ पडते, रेघ जाड होते. पोथी लिहिणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा कापावे लागत असणार, आणि दर वेळी तोच कोन आणि तीच रुंदी साधावी लागत असणार. म्हणजे ग्रंथ लिहायला टाक अनेक लागत, आणि वाचणाऱ्याला मात्र तो एकच वाटला पाहिजे. रामदासांची अट हातापेक्षा चाकूसाठी अधिक अवघड आहे.

कापण्याची रीत साधारण अशी. सुकलेला बोरू घेऊन एका बाजूने लांब उतार द्यायचा. दोन्ही कडा तासून टोक हव्या त्या रुंदीचे करायचे. टोकाच्या मधोमध एक चीर द्यायची. या चिरेतूनच शाई केशाकर्षणाने खाली उतरते. शेवटी टोक एखाद्या कठीण पट्टीवर ठेवून चाकूच्या एकाच दाबात तोडायचे. आजोबांची हाडाची पट्टी त्यासाठी होती. या शेवटच्या कापाला उर्दू लिहिणारे 'क़त' म्हणतात, आणि सगळे अक्षर या कापावर अवलंबून असते. रुंद टोकाची लेखणी कापाच्या दिशेने ओढली की रेघ बारीक येते आणि त्याच्या आडव्या दिशेने ओढली की जाड येते. जोर कमी-जास्त करावा लागत नाही. जाड-बारीक हाताने काढायचे नसते, ते कापातच असते.

म्हणूनच प्रत्येक लिपीचा काप वेगळा. देवनागरीच्या बोरूचा उतार रोमन सुलेखनाच्या लेखणीच्या उलट बाजूला असतो, त्यामुळे रोमनमध्ये ज्या तिरप्या रेघा जाड होतात त्या आपल्याकडे बारीक होतात. उभा दंड आणि शिरोरेषा यांची जाडी मात्र जवळपास सारखी येते, कारण काप दोघींच्या मधल्या कोनात असतो. नस्तालीक लिहिणाऱ्याचे गणित निराळे. तिथे अलिफची उभी रेघ सडपातळ हवी आणि बे, ते यांसारख्या अक्षरांचा आडवा पसारा पोटाशी भरलेला हवा. शिवाय तिथे मोजमापही लेखणीच देते. दहाव्या शतकात बगदादच्या दरबारातला वजीर इब्न मुक्ला याच्या नावाशी ही पद्धत जोडली जाते: लेखणीचे टोक कागदावर टेकवून थोडे ओढले की जो चौकट-आकाराचा ठिपका पडतो, तो नुक्ता हे माप. अलिफ इतक्या नुक्त्यांचा उंच, वळण इतक्या नुक्त्यांचे रुंद. लेखणी बदलली की ठिपका बदलतो आणि त्याबरोबर सगळी लिपी त्याच प्रमाणात लहान-मोठी होते.

मोडीची गरज आणखी निराळी होती. परंपरा तिचे श्रेय यादवांच्या काळातल्या हेमाडपंतांना देते. ते बाजूला ठेवले तरी लिपीची घडणच आपले काम सांगते. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी शिरोरेषा ओढून ठेवायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायची, हात शक्य तितका न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळायचा नाही. ही दफ्तराची, घाईची लिपी आहे. धारदार तिरपे टोक न उचलता चारी दिशांना पळवले तर ते कागदात अडते. आजोबांचा तिसरा बोरू बारीक आणि जवळजवळ सरळ का होता, हे मला मोडीची दहा अक्षरे गिरवल्यावर कळले. काकांना जी चूक वाटली होती ती तिन्ही ठिकाणी सवय होती.

हे कापांचे जग मोडले ते एका दिवसात नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले बर्मिंगहॅम हे पोलादी निबांचे जगातले सर्वांत मोठे केंद्र झाले आणि तिथली निबे डब्यांतून आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत आली. लाकडी दांड्याला बसवलेल्या या निबाला मराठीने आपला जुनाच शब्द दिला: टाक. रामदासांच्या काळी जे बोरूचे कापलेले टोक होते, त्याचे नाव आता न कापता येणाऱ्या वस्तूला मिळाले. शब्द तसाच राहिला, म्हणून बदल किती मोठा होता ते लक्षात येत नाही. पोलादी निबाचे टोक निमुळते असते. त्यात जाड-बारीक येते ते कोनामुळे नाही, दाबामुळे: खाली ओढताना जोर दिला की चीर फाकते आणि रेघ जाड होते, हात हलका केला की बारीक होते. इंग्रजी घोटीव अक्षर या दाबावर बेतलेले होते. त्याच टाकाने बाळबोध लिहिले की उभा दंड फुगतो आणि शिरोरेषा दोऱ्यासारखी होते. अक्षर सुंदर दिसू शकते, पण त्याचे जाड-बारीक आता दुसऱ्याच लिपीच्या नियमाने पडत असते.

बोरूचे वळण टिकले ते छापखान्यात. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कापलेल्या देवनागरी टायपांत बोरूच्या कापाचे जाड-बारीक शिशात उतरलेले दिसते. म्हणजे छापील पुस्तकात बोरू जिवंत होता आणि ते पुस्तक वाचणाऱ्याच्या हातातून मात्र तो सुटत चालला होता. शाळांनी तो काही काळ धरून ठेवला. कित्ता बोरूनेच गिरवायचा, ही शिस्त स्वातंत्र्यानंतरही अनेक मराठी शाळांत होती. त्याच वेळी 'बोरूबहाद्दर' हा शब्द कारकुनांची आणि लेखकांची टिंगल करायला वापरला जात होता.

फाउंटन पेनाने पुढचे पाऊल टाकले. अमेरिकेत लुइस वॉटरमन याला १८८४ मध्ये पेटंट मिळाले ते शाई खाली आणि हवा वर जाऊ देणाऱ्या बारीक खाचांसाठी. दौत पेनाच्या पोटात गेली. निबाच्या टोकाला कठीण धातूचा एक कण जोडला जाऊ लागला, म्हणजे ते झिजणार नाही. हा कण गोल असतो. गोल टोकाची रेघ सगळ्या दिशांना जवळपास सारखी येते. कोणत्याही एका लिपीवर त्यात अन्याय नाही, पण कोणत्याच लिपीला तिचे स्वतःचे काही मिळत नाही.

आपल्या देशाने या पेनाला उत्तर दिले ते स्वदेशीच्या बाजूने, आणि ती कहाणी अभिमानाची आहे. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकरांनी 'हॉर्स' या छापाची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली; पुढची कॅम्लिन ती हीच. बंगालात १९३४ मध्ये सुलेखा शाई निघाली. गोदावरीकाठच्या राजमुंद्रीत के. व्ही. रत्नम या सोनाराने १९३२ मध्ये फाउंटन पेने घडवण्याचे काम सुरू केले. त्यांचे पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे गेले. कुमारप्पा तेव्हा वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले, पेन वापरून पाहिल्याचे आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय असल्याचे कळवले. स्वदेशीचा प्रश्न पेन कुणी केले आणि पैसा कुठे गेला हा होता, आणि तो रास्त होता. हे पेन कोणत्या लिपीसाठी, हा प्रश्न त्या झटापटीत कुणाच्या मनात आला नसेल तर त्यात नवल नाही.

मग बॉलपेन. हंगेरीच्या लास्लो बिरो याने १९३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईचे पेन असे. शाई संपली की शेजारणीकडून बाकावर चार थेंब उसने घ्यायचे आणि निब टेकवून ते टिपून घ्यायचे. बॉलपेनने अक्षर बिघडते, असे बाई बजावत. आम्ही ते जुन्या माणसांचे खूळ समजत होतो. 'आपले पेन दुसऱ्याला देऊ नये, निबाला वळण लागते,' असेही घरोघरी ऐकू येई. यात तथ्य होते. वर्षानुवर्षे एकाच कोनात घासून तो कठीण कणही किंचित सपाट होतो. चाकू गेल्यावर लिहिणाऱ्याच्या हाती एवढेच उरले होते: कापता येत नाही तर झिजवायचे.

मी हैदराबादेत राहते, उर्दू आणि तेलुगूतून मराठीत भाषांतर करते, आणि पहिला खर्डा हाताने लिहिते. कलमदान आल्यानंतर मी राजमुंद्रीहून हाताने घडवलेले एबोनाइटचे एक पेन आणले. जाड निब मुद्दाम मागितले, कारण घासायला टोकाशी पुरेसा धातू हवा. अगदी बारीक पॉलिश पेपर, पाण्याचा थेंब आणि भिंग घेऊन मी त्याला बाळबोधीचा काप द्यायला बसले. पहिले निब वाया गेले. चिरेच्या एका बाजूचे टोक जास्त घासले गेले आणि कागद ओरबाडू लागले. दुसरे चार संध्याकाळी घेऊन जमले. दहा फेऱ्या घासायच्या, धुवायचे, 'अ', 'क', 'र' लिहून पाहायचे, पुन्हा दहा फेऱ्या. कडा बोथट करायला विसरायचे नाही, नाहीतर सुरेख रेघ येते आणि कागद फाटतो. त्याच पेनाला बसणारे आणखी एक निब मी उर्दूसाठी उलट कोनात घासले. रोजच्या कामाला हे एक पेन आणि ही दोन निबे मला पुरतात.

आता ती चूक. आजोबांच्या एका वहीत त्यांनी पाठवलेल्या उर्दू पत्रांचे मसुदे आहेत. १९५२ मधल्या एका मसुद्यात ते कचेरीतल्या जुन्या मित्राला लिहितात की आता लिहिण्यात ते अमुक राहिले नाही. हे 'अमुक' एक छोटा शब्द आहे: दोन अक्षरे आणि वर एक नुक्ता. नुक्ता पहिल्या अक्षरावर असेल तर ते अक्षर खे होते आणि शब्द होतो 'ख़त'. नुक्ता दुसऱ्यावर असेल तर पहिले अक्षर हे राहते, दुसरे ज़ोय होते, आणि शब्द होतो 'हज़'. हज़ म्हणजे आनंद, गोडी. ख़त म्हणजे पत्र, रेघ, आणि हस्ताक्षराचे वळणही. वहीत नुक्ता स्पष्टपणे दुसऱ्या अक्षरावर होता. मी 'हज़' वाचले. लिहिण्यात आता गोडी उरली नाही, असे भाषांतर एका छोट्या नियतकालिकात दिले आणि सोबतच्या टिपणात आजोबांच्या उदासीविषयी दोन परिच्छेद लिहिले. राज्य गेले, कचेरीची भाषा गेली, म्हातारा माणूस खचला. चित्र जुळत होते, म्हणून मला शंका आली नाही.

पुढे त्यांच्या रुंद बोरूसारखा बोरू कापून मी त्यांचेच मसुदे गिरवू लागले. तेव्हा लक्षात आले की या लेखणीने नुक्ता टेकवता येत नाही. टोकाची सगळी धार कागदावर ठेवून ती थोडी ओढावी लागते. म्हणून लिहिणारा आधी शब्द पुरा करतो आणि नुक्ते मागाहून देतो. हात तोवर डावीकडे सरकलेला असतो, घाईत तो पुरता मागे येत नाही, आणि नुक्ता आपल्या अक्षराच्या डावीकडे पडतो. वहीतले ज्यांच्याबद्दल वाद नाही असे शब्द मी काढून पाहिले: ख़बर, ख़र्च. प्रत्येक ठिकाणी खे-चा नुक्ता शेजारच्या अक्षरावर पडला होता. मी आयुष्यभर बॉलपेनने उर्दू लिहिली होती, जिथे ठिपका बोट ठेवावे तसा नेमक्या जागी ठेवता येतो. त्यांचा नुक्ता मी माझ्या पेनाने वाचला होता.

शब्द 'ख़त' होता. लिहिण्यात आता ते वळण राहिले नाही, असे ते म्हणत होते. आणि दोनच ओळींनंतर त्यांनी मित्राला विचारले आहे, शहरात चांगले बोरू मिळत असतील तर एक जुडी पाठवता येईल का. हे वाक्य मी पहिल्या वेळी बरोबर भाषांतरित केले होते आणि त्याचा आधीच्या वाक्याशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. तो माणूस खचलेला नव्हता. सरकारी टाकाबद्दल त्याची तक्रार होती आणि तिच्यावरचा उपाय त्याला ठाऊक होता.

मी संपादकांना दुरुस्ती पाठवली. पुढच्या अंकात ती तीन ओळींत आली. ज्यांनी आधीचे टिपण वाचले त्यांतल्या किती जणांनी त्या ओळी वाचल्या असतील, हा विचार अजून टोचतो. माझ्या शब्दांत आजोबा काही महिने उदास होते, आणि काहींसाठी कदाचित कायमचे उदास राहतील.

मोडीतले घरचे हिशेब आणि पत्रे अजून वाचायची आहेत. सराईतपणे मोडी वाचणारे आमच्या घरात कुणी उरलेले नाही. मी शिकते आहे, पण छापील तक्त्यातली मोडी आणि घाईतली मोडी यांत बरेच अंतर आहे. म्हणून या वेळी आधी हात बसवायचे ठरवले आहे. गेल्या आठवड्यात आजोबांचा चाकू बाजारातून धार लावून आणला, तिसऱ्या बोरूची नक्कल कापली आणि पानभर शिरोरेषा ओढून ठेवल्या. वाचायला घेईन ते त्या पानावर काही महिने अक्षरे लटकवून झाल्यावर.